रेडिओवरचा तो

गल्लीतला चावीवाला सगळ्यांना शंकासुर म्हणूनच ठाऊक होता. स्वतःच्या घराला लावलेलं कुलूप तो पुन्हा पुन्हा ओढून बघे आणि वर म्हणे, "जगात सगळे साव असते, तर माझं पोट कसं भरलं असतं?"

बायकोवर मात्र आपण कधी संशय घेतला नाही, असं तो छातीठोकपणे सांगे. खरं तर 'कुठे गेली होतीस?' हे विचारल्याशिवाय त्याने तिला कधी घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. पण त्याच्या लेखी ती साधी चौकशी होती.

अलीकडे दर बुधवारी दुपारी ती बहिणीकडे जाऊ लागली, तीही नवी चप्पल घालून. बहिणीकडे जायला नवी चप्पल कशाला? त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने मेहुणीला फोन लावला.

"भावोजी, ताई तर कितीतरी दिवसांत इकडे फिरकलीच नाही!"

पुढच्या बुधवारी दुकान बंद करून तो बायकोच्या मागावर गेला. ती रेडिओ केंद्रात शिरली आणि बऱ्याच वेळाने दवाखान्यातल्या कंपाउंडरबरोबर हसत बाहेर पडली. घरी ती अशी हसल्याचं त्याला आठवेना. बायको हातची जाणार, अशी धास्ती त्याला बसली. पण विचारायचीही हिंमत होईना.

शुक्रवारी संध्याकाळी भाजी चिरताना तिने रेडिओ लावला. गावातले कवी आपापल्या कविता वाचत होते. कंपाउंडरने आपल्या खटारा सायकलवरची कविता ऐकवली. आणि मग रेडिओतून चक्क बायकोचा आवाज आला. शंकासुराने दचकून रेडिओकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आधी रेकॉर्ड करून ठेवतात," ती मान वर न करता म्हणाली.

*मी उशिरा येते. तो विचारत नाही, कुठून.*
*सरकून बसतो, मला जागा करून देतो.*
*मग मीच सांगते सगळं, न विचारता.*

"कोण हा?" तो गरजला. "तो कंपाउंडरच ना? बुधवारी पाहिलंय मी तुम्हाला!"

"ठाऊक आहे. समोरच्या खांबाआड उभे होतात."

"मग बहिणीकडे जाते, असं खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितल्यावर तरी कधी विश्वास ठेवलात?" तिने विळी बाजूला सारली. "कंपाउंडर त्याची कविता वाचतो, मी माझी. आणि हा माणूस कुठेच नाहीये. घरात असता, तर मला लिहावा लागला असता का?"

कंपाउंडर असता, तर त्याची गचांडी धरून जाब विचारता आला असता. पण जो कुठे नाहीच आणि तरी आपल्यापेक्षा बरा आहे, त्याच्याशी भांडायचं कसं, हे काही शंकासुराला सुचेना.