संत्रं की केळं

भर उन्हाळ्यात लोकरीची टोपी घालून कोणी आमच्या गल्लीत शिरलं, की ती नीळआत्याकडेच चाललीय हे शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. बाई आधी दारात थांबून मागे वळून बघणार, ओळखीचं कोणी नाही ना. मग सुळकन आत. मग खुर्चीत बसून, टोपी दोन्ही हातांनी गच्च धरून, ठरलेलं वाक्य: "मी नाही हो केलं, बहिणीने केलं."

"हो का," आत्या म्हणायची. "दर वेळी बहिणीनेच केलेलं असतं. या शहरातल्या बहिणींचे हात बांधून ठेवायला हवेत."

बाई हसली की आत्या हळूच टोपी काढून घ्यायची. खाली भडक केशरी जाळ. घासूनपुसून उन्हात ठेवलेलं पितळ.

कहाणी तीच असायची. दुकानातून रंगाचं खोकं आणायचं, खोक्यावर मधाळ तपकिरी केस उडवणारी बाई, घरी न्हाणीघराचं दार लावून घ्यायचं आणि आपल्या काळ्याभोर केसांना फासायचं. आत्याचं म्हणणं असं, की खोक्यावरच्या बाईचे केस खोक्यावरच राहतात. काळ्या केसांच्या पोटात तांबडं दडून बसलेलं असतं. वरचा काळा खरवडला की ते बाहेर येतं. आणखी खरवडलं की नारिंगी, त्याहून खरवडलं की पिवळं. मग त्याला निववायला उलटा रंग द्यावा लागतो. पांढरे कपडे पिवळे पडले की नीळ घालतात ना, तसं. फक्त कपड्यांसारखं एकाच निळीने भागत नाही. नारिंगीवर निळा, पिवळ्यावर जांभळा. अदलाबदल झाली की संपलं.

हे काम करून करून आत्याच्या नखांच्या कडा कायमच्या निळ्या झाल्या होत्या, म्हणून ती नीळआत्या. आतोबा गेले तेव्हा ताई, म्हणजे तिची एकुलती एक लेक, बोट धरून चालायची. आत्याने घराची पुढची खोली रिकामी केली, एक आरसा आणि एक खुर्ची मांडली, आणि दुसऱ्यांच्या बहिणींचे उद्योग निस्तरायला बसली. आम्ही वरच्या मजल्यावर. तिच्या दुकानाची पायरी म्हणजे माझी शाळा, कारण इतके आवाज दुसरीकडे कुठे फुकट ऐकायला मिळणार? बँकेतली बाई नाकात बोलायची, "मी ना, अगदी हलक्कीशी शेड मागितली होती, हलक्कीशी!" शाळेतल्या बाई रडतानासुद्धा शुद्धलेखन घातल्यासारख्या रडायच्या. "वर्गातली मुलं. मला. गाजर. म्हणतात."

मागे एका हिवाळ्यात आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, की डोळ्यामागची नस सुकत चाललीय. आधी रंग जातील, मग कडा.

"मग?"

"मग बघू."

"बघू म्हणता डॉक्टर, पण कशाने?"

हा संवाद आत्याने आम्हाला फार नंतर सांगितला, तोही डॉक्टरच्या खर्जात, आणि हसण्याची वाट बघत. तेव्हा मात्र ती घरी आली, चहा टाकला, आणि कोणाला काही बोलली नाही. बाबांना नाही, ताईला तर नाहीच. रंग ओळखता येत नाही म्हटल्यावर केसांचा रंग कोण करून घेणार? खुर्ची गेली असती. आणि खुर्चीशिवाय आत्या काय करते हे आत्यासकट कोणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर दुकानात एक नवीन खेळ सुरू झाला. टोपी निघाली की आत्या बाईला खुर्चीसकट दाराशी ओढायची. हे जुनंच होतं, "दिव्याखाली काय, सगळेच देखणे," असं ती म्हणायची. नवीन होतं ते पुढचं. छोटा आरसा बाईच्या हातात द्यायची आणि विचारायची, "आता तुम्हीच सांगा बघू, कुठलं फळ? संत्रं की केळं? केळं असेल तर साल बाहेरची की आतली?"

बायकांना हे फार आवडायचं. बँकेतल्या बाईने आरशात बघून सांगितलं, "संत्रंच हो, अगदी संत्रं!" शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मुळाशी. संत्रं. टोकाला. केळं. आतली साल." आत्या मान डोलवायची आणि फडताळातून नळी काढायची. जांभळ्या नळ्यांना तिने रबर गुंडाळलं होतं, निळ्या मोकळ्या. आम्हाला वाटलं, झाकणं सैल झाली असतील.

वरच्या मजल्यावर जेवताना या खेळाची नक्कल झाली नाही असा दिवस जायचा नाही. माझ्या खांद्यावर टॉवेल, एक भुवई वर, "काय हो साहेब, तुमचं टक्कल कुठलं फळ?" बाबा म्हणायचे, "माकडा, अभ्यास कर." आणि सगळ्यात मोठ्याने हसायची ती आत्या. डोळे पुसून पुसून हसायची.

ताई दुसऱ्या शहरात हॉटेलात काउंटरवर होती. सहा वर्षांपूर्वी आत्याने तिच्यासाठी दुसरी खुर्ची आणली होती, पायाने वरखाली होणारी, नवी कोरी. ताई म्हणाली, "आई, मी जन्मभर लोकांची डोकी धुणार नाही." आत्या म्हणाली, "त्याच डोक्यांवर तू मोठी झालीस." झालं. ताई गेली. खुर्चीवर टॉवेलांच्या घड्या बसल्या. फोन यायचे, "कशी आहेस?" "मजेत." सुट्टीला ताई यायचीसुद्धा, पण केस तिकडूनच कापून यायची, आणि आत्या तिच्या डोक्याकडे दुसऱ्याच्या हातच्या स्वयंपाकाकडे बघावं तशी बघायची.

त्या शुक्रवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी लोकरीची टोपी दिसली. टोपीखाली ताई. दारात थांबली, मागे बघितलं, सुळकन आत.

"आई, मी नाही केलं."

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "बहिणीने केलं असेल. पण तुला तर बहीण नाही."

ताईने बॅग खाली टाकली आणि हसता हसताच रडायला लागली. मैत्रिणीकडे खोकं आणून एकदा केलं, भडक झालं म्हणून ते घालवायला पुन्हा केलं. पहिल्या वेळचं डोकं बघून मॅनेजरने सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "काउंटरवर माणूस बसवलाय की संत्र्यांची गाडी? सोमवारी हे डोकं घेऊन यायचं नाही." मॅनेजरचा आवाज ताईने असा हुबेहूब काढला, की नकलेची खोड आमच्या घरात कुठून आली ते कळावं.

"करशील ना गं नीट?"

आत्याने टॉवेलांच्या घड्यांवरून उगीच हात फिरवला. नाही म्हणायची वेळ तीच होती, आणि ती वेळ निघून गेली. "बस," आत्या म्हणाली.

खुर्ची दाराशी आली. आत्याने ताईच्या केसांत बोटं घातली, मुळापासून टोकापर्यंत नेली, परत घातली. कामाला एवढं लागत नाही.

"हं, सांग. कुठलं फळ?"

"आई, तुझे डोळे आहेत की बटणं?"

"दुकानाची रीत आहे. फळ सांगितल्याशिवाय आम्ही हात लावत नाही."

"संत्र्यांची गाडी!" ताई मॅनेजरच्या आवाजात गरजली. "अख्खी गाडी, पाटीसकट!"

दोघी हसल्या. केस पिवळे होते. दोनदा खरवडून केळ्याच्या आतल्या सालीसारखे पिवळेधमक झाले होते, नारिंगी होतं ते पहिल्या वेळी. पायरीवरून सगळं दिसत होतं, आणि तरी त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. इतक्या वर्षांनी दोघी एकमेकींची थट्टा करत होत्या. थट्टेत कोण रंग तपासतं?

आत्याने फडताळात हात घातला. बोटांनी नळ्या चाचपल्या आणि बिनरबराची काढली.

मग ब्रश निघाला. आत्या बटेमागून बट घेत होती, रंग लावून वर टाकत होती. ताईने डोळे मिटले. तिचं डोकं कलत कलत आत्याच्या पोटाला टेकलं. आत्या तिथून हलली नाही, नुसते हात लांब करून काम करत राहिली.

"जेवतेस का वेळेवर?"

"हं."

"कशाचं हं. मानेची हाडं लागताहेत."

धुऊन झालं. टॉवेलने टिपून झालं. आत्याने खुर्ची पुन्हा उजेडाकडे वळवली, कंगवा फिरवला, छोटा आरसा तिच्या हातात दिला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

"बघ कसा दबून बसलाय नारिंगी," ती म्हणाली. "छान आलाय रंग."

ताईने डोळे उघडले. आरशात साचलेल्या पाण्याच्या टाकीतल्या शेवाळाचा रंग होता, हिरवागार. पिवळ्यावर निळा. तिने तोंड उघडलं. ताईचं ओरडणं गल्लीच्या टोकाला ऐकू जातं, आम्ही कानांवर हात ठेवायच्या बेतात होतो. पण आरशात तिच्या मागे आत्याचा चेहरा होता, मान किंचित तिरकी, जीव निवल्यासारखा. ताईने उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

मग ती अगदी हळू म्हणाली, "आई, कुठलं फळ?"

"काय?"

"तू सांग ना. आत्ता कुठलं फळ?"

आत्याच्या हातातला कंगवा थांबला. तिने केसांकडे बघितलं, मग दाराबाहेर, मग परत केसांकडे.

"खजूर," ती म्हणाली.

"आई. कच्चा पेरू आहे तो."

आत्या मागे सरकली आणि दुसऱ्या खुर्चीवर बसली, टॉवेलांच्या घड्यांवरच. सहा वर्षांत त्या खुर्चीवर बसलेलं पहिलं माणूस.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि मला फोनवर मजेत, मजेत!"

"मजेतच होते गं. लोक फळं सांगत होते, चाललं होतं."

"मग मला नाही म्हणायचं होतंस! दुसरीकडे पाठवायचं होतंस. माझंच डोकं कशाला घेतलंस?"

आत्याने नखांच्या निळ्या कडा पदराने पुसल्या, त्या निघत नाहीत हे माहीत असून.

"सहा वर्षांनी दिलंस," ती म्हणाली. "नाही कसं म्हणू?"

ताई खुर्चीतून उठली नाही. ओल्या हिरव्या केसांतून पाणी तिच्या मांडीवर ठिबकत राहिलं. तेवढ्यात दाराशी बँकेतली बाई आली, "मी ना, फक्त विचारायला..." एवढं बोलली, आत बघितलं, आणि उलट्या पावली गेली.

शनिवारी केस निस्तरले. ताईने वाटी धरली, आत्याने सांगितलं. "हिरव्यावर तांबडा आधी, त्याशिवाय तपकिरी धरणार नाही. कालव. अजून कालव. दे इकडे." बोट बुडवून बघितलं. "दह्यासारखं लागायला हवं, हे ताकासारखं लागतंय." आरशासमोर उभी राहून ताईने स्वतःच लावलं, आणि मागचं दिसत नव्हतं तिथे आत्याने लावलं. तिला तरी कुठे दिसत होतं, पण मागचं डोकं तिच्या हाताला पाठ होतं. रंग आला चहाच्या चोथ्यासारखा, मेलेला, पण काउंटरवर चालण्यासारखा.

रविवारी निघताना ताई म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

"तिथे मला कोण विचारणार?"

"इथे आता कोण विचारणार आहे?"

बोलून गेल्यावर ताईने ओठ चावला. आत्या म्हणाली, "बस चुकेल." तेवढंच. बस वळेपर्यंत ती हात हलवत होती. ताई कुठल्या खिडकीत होती ते बाबांनी तिला खांदा धरून दाखवलं.

बाबांनी मग रंगाच्या नळ्या खोक्यात भरल्या. रबरं लावलेल्या, बिनरबराच्या, सगळ्या. "अक्का, ठेवू का थोड्या?" त्यांनी विचारलं. बाबा कोणाला इतक्या हळू काही विचारत नाहीत. आत्या म्हणाली, "कशाला? कोणाला पाजायच्यात?" केस कापणं तिने काही महिने चालवलं. मग एकदा शाळेतल्या बाई कानाला रुमाल लावून घरी गेल्या, जाताना म्हणाल्या, "काही. लागलं. नाही." आणि आत्याने कात्रीसुद्धा फडताळात ठेवली.

आता संध्याकाळी ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसते, दाराशी, रस्त्याकडे तोंड करून. ताईचा फोन आता रोज येतो. "कशी आहेस?" असं ती विचारत नाही, "आज काय दिसतंय?" असं विचारते. आत्या खरंखरं सांगते. जेवताना फळांची नक्कल कोणी करत नाही. आत्याने दोनतीनदा "करा की रे" म्हणून बघितलं. माझी भुवई वर गेली, पण आवाजच निघाला नाही.

काल उकाडा असा होता, की कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. आत्या बसली होती. समोरून एक मुलगी आली. तिचा रंग, तिचा चेहरा यातलं आत्याला काही दिसत नसणार, पण डोक्यावरचा जाडजूड गोळा दिसला असावा. आणि चाल. दाराशी थबकणं, मागे वळून बघणं.

"बहिणीने केलं," आत्या स्वतःशीच म्हणाली, आणि खुर्चीचे हात धरून अर्धी उठली.

मुलीने दुकानात डोकावलं. आरसा होता, फडताळ रिकामं होतं. "इथे ते... केसांचं..." ती म्हणाली.

"पूर्वी," आत्या म्हणाली. आणि परत बसली.