इंदुताईंनी शिकवलेली भीती

इंदुताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी त्यांच्या कार्यावर लिहावे, असे समितीने मला सुचवले. मी ताईंची सहकारी झाले ती पुष्कळ नंतर. त्यांच्या ओटीवर पहिल्यांदा आले तेव्हा मी फक्त एक घाबरलेली आई होते. म्हणून तिथूनच सांगते.

सोळा वर्षांपूर्वी मी कडावच्या शाळेत शिकवत होते. आम्हाला मूल नव्हते. मुंबईच्या एका अनाथाश्रमातून आम्ही साडेचार वर्षांची नंदा घरी आणली. त्याआधी तिने तीन घरे आणि दोन आश्रम पाहिले होते. नंदा रडत नसे, हट्ट करत नसे, गुडघा फुटला तरी तोंडातून आवाज काढत नसे. सासूबाई कौतुकाने म्हणत, "असं शाणं पोर मिळाया नशीब लागतं गं." मलाही ते खरे वाटे.

ते समाधान कशेळ्याच्या बाजारात संपले. कांदे निवडून मागे वळले तर नंदा नाही. अर्धा तास मी ओरडत फिरत होते. अखेर काखेत रिकामी पाटी घेतलेली एक ठाकरीण तिला घेऊन आली. "बाय, तुमची पोर हाय काय? माझ्यामागं मुरबाडच्या एस्टीत चढत व्हती. नाय म्हटलं तरी हात सोडंना." मी नंदाला छातीशी घट्ट धरले. तिने माझ्याकडे पाहिले ते त्या अनोळखी बाईकडे पाहावे तसेच. तेव्हापासून मला एकच भीती वाटू लागली. ही उद्या कुणाचाही हात धरून निघून जाईल, आणि जाताना मागे वळूनसुद्धा पाहणार नाही.

मग उपचार करणारे शोधणे सुरू झाले. मुंबईच्या एका डॉक्टरांच्या मांडीवर नंदा आपणहून जाऊन बसली. ते हसून म्हणाले, "इतकी माणसाळलेली मुलगी! औषध तुम्हालाच द्यायला हवं." पुण्याच्या एका गृहस्थांच्या भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग होती. त्यांनी सांगितले, "तीन महिने आमच्याकडे ठेवा. भेटायला यायचं नाही. आधीचं सगळं तुटलं की मग जुळेल." एवढ्या ठामपणे बोलणाऱ्या माणसापुढे आम्ही मान डोलावली आणि सोमवारी मुलीला घेऊन येतो म्हणून परतलो. घरी आल्यावर यजमान हलकेच म्हणाले, "तिथेही नाही जमलं, तर आश्रमाला परत द्यायची का?" आश्रमाने दिलेली वर्षाची मुदत अजून संपली नव्हती. तोच विचार माझ्याही मनाला शिवून गेला होता.

सोमवारच्या आधीच्या शनिवारी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला चिठ्ठी देऊन खालापूरला पाठवले. मुंबईच्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षे काम करून इंदुताई गावी परतल्या होत्या आणि घराच्या ओटीवरच आईबापांना आणि मुलांना भेटत. पाटी नाही, प्रमाणपत्र नाही, चहा तर असा की साखर मागून घ्यावी लागे. नंदा सवयीने धावत त्यांच्या मांडीकडे गेली. ताईंनी तिला हाताने अलगद थांबवले. "थांब बाळ. आधी तुझ्या आईला विचारून ये." नंदा जागच्या जागी उभी राहिली. कुणाला विचारायचे, हेच तिला कळेना.

ताईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "बाई, मला हिची भीती वाटते."

मला रडू फुटले. इतक्या दिवसांत माझ्याबरोबर घाबरणारे हे पहिलेच माणूस होते. "बरी होईल ना?" मी विचारले. "ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "वॉर्डातल्या एका मुलाला मी लळा लावला आणि बदली झाली म्हणून सोडून गेले. त्यानं जेवण टाकलं. म्हणून मी कुणाच्या मुलाला मांडीवर घेत नाही. माझ्याकडे यायलाच हवं असं नाही. पण तुम्हाला दाराबाहेर बसवून मुलगी बरी करतो म्हणेल, त्याच्याकडे तेवढं जाऊ नका." पुण्याला नकाराचे पत्र मी त्यांच्याच ओटीवर बसून लिहिले.

ताईंची रीत साधी होती. घराबाहेर पडताना माझ्या चपला नंदाच्या स्वाधीन करायच्या आणि अनवाणी जायचे. आई कुठेही गेली तरी चपलांसाठी परत येणार, एवढे तिला दिसले पाहिजे. मी अनवाणी शाळेत जाऊ लागले. "बाई, नवस बोललाव काय?" गाव विचारी. नंदा चपला मांडीवर घेऊन बसे. मी आले की निमूटपणे पुढे करी.

आणि मग मी एक चूक केली. तपासणीला साहेब येणार होते. अनवाणी उभे राहायची लाज वाटली, म्हणून मी पिशवीत नवा जोड लपवून नेला आणि परतताना काढायला विसरले. नंदाने माझे पाय पाहिले. मांडीवरच्या चपला तिने उचलल्या आणि विहिरीत टाकल्या. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. सगळे संपले, या भीतीने मी खालापूर गाठले. ताई संतापल्या, त्यांचा राग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. "माझी माफी काय मागता? जिला फसवलंत तिची मागा." साडेचार वर्षांच्या मुलीपुढे बसून मी म्हणाले, "माझं चुकलं." मग तो नवा जोड तिच्या स्वाधीन केला. मी पुन्हा अनवाणी जाऊ लागले.

दोन महिन्यांनी एका सकाळी मी उंबरा ओलांडला आणि नंदाने माझ्या पायाला मिठी मारली. ओरडली, किंचाळली, आकांत मांडला. "जाऊ नको आई, जाऊ नको!" सासूबाई म्हणाल्या, "त्या बाईनं चांगली पोर बिघडवली बघ." मी तशीच तिला कडेवर घेऊन खालापूरला गेले. ऐकता ऐकता ताईंचे डोळे भरून आले. "घाबरली ना? आता हिच्याकडे हरवण्यासारखं काहीतरी आहे."

पुढे मी सुट्टीच्या दिवशी ताईंच्या ओटीवर मदत करू लागले. कुंभिवलीपासून कशेळ्यापर्यंतची किती मुले तिथे आली! प्रत्येक नव्या मुलाच्या वेळी ताई मनातून घाबरत आणि तसे सांगत. मला वाटते, त्यांचे सारे कार्य त्या कबुलीत आहे.

पुढच्या पंधरवड्यात ताईंच्या हृदयावर मुंबईत शस्त्रक्रिया आहे. आम्ही सगळेच धास्तावलो आहोत, आणि ते लपवणे ताईंना आवडणार नाही. गेल्या रविवारी नंदा त्यांना भेटायला आली होती. आता ती वीस वर्षांची आहे, परिचारिकेचे शिक्षण घेते. निघताना तिने ताईंच्या दारातल्या चपला उचलल्या आणि पिशवीत घातल्या. "अगं, मी मुंबईला अनवाणी जाऊ काय?" ताई ओरडल्या. नंदा म्हणाली, "हो. आणि परत न्यायला कडावला या."

ताई, तुमच्या चपला आमच्या दाराशी ठेवल्या आहेत. नंदा रोज पुसते. तुम्हाला शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. पण त्याआधी, त्या न्यायला या.