उसनी पोरं आणि देवळातली घंटा

चाकणच्या अलीकडे, ओढ्याच्या दोन काठांना लोकल बोर्डाच्या दोन शाळा होत्या. गावातली कौलारू, तिला हातांची खुर्ची होती, छापील नकाशा होता. वस्तीवरची मारुतीच्या देवळात भरायची आणि तिला मी होतो. ट्रेनिंग न झालेला, नवा मास्तर. नकाशा मीच गेरूने भिंतीवर काढला होता. खाली जागा संपली, म्हणून लंका मारुतीच्या कोनाड्यात गेली होती. पोरांना त्यात काही गैर वाटत नसे.

एके साली हुकूम आला : दिपोटीसाहेब तपासणीला येतील, पंधराच्या आत पोरं दिसली तर वस्तीची शाळा बंद. बारकी पोरं पावसाळ्यात ओढा ओलांडून गावात जाणार नव्हती. त्यांच्या पाट्या कायमच्या खुंटीला लागल्या असत्या. आणि माझी टोपीही. पटावर नावं वीस, पण सुगीत समोर बसायची सात-आठ.

साहेब सकाळी गावातली शाळा बघून, पाटलांकडे जेवून, दुपारी माझ्याकडे यायचे होते. मी डोकं चालवलं. तिकडे मधली सुटी झाल्याबरोबर शेंगा-गुळाचं आमिष दाखवून तिथली दहा पोरं उसनी आणली.

देवळाशी येऊन बघतो, तर माझी वीसच्या वीस आत बसलेली. साहेब खाऊ वाटतात, अशी आवई कुणीतरी उठवली होती. आता उसन्यांना परत धाडावं, हे मला सुचेपर्यंत ती पायऱ्या चढली होती. देवळात शिरताना कुणीही करतं तेच पहिल्याने केलं. घंटा वाजवली. मग मागच्या नऊ जणांनीही.

आमच्याकडे शाळेची घंटाही तीच. ती वाजली की सुटी. माझी पोरं पाट्या बगलेत मारून जी सुटली, ती दारातून आणि जिथे दार नव्हतं तिथूनही.

थोड्या वेळाने साहेब सायकल ढकलत आले. उसन्यांकडे बघत राहिले.

"तुम्ही सकाळी तिकडे होतात ना रे?"

"व्हय जी," एक मुलगी म्हणाली.

"मग कुठली शाळा चांगली?"

"आमचीच. पन हितं घंटा वाजीवली का लगीच सुटी हुती."

"मास्तर, ही कशाला आणलीत?"

"साहेब, पट..." साहेबांनी मला तिथेच थांबवलं.

"तुमची सगळी वाटेत माझ्या सायकलला आडवी गेली. मोजली मी. वीस भरली." मग त्यांची नजर भिंतीवर गेली. "लंका तेवढी मारुतीच्या हवाली केलीत, ते बरं केलंत."

शेरेबुकात त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. शाळा चालू ठेवावी. घंटा उंच बांधावी.

शाळा चालू राहिली. घंटाही वस्तीवरच्या लोकांनी हौसेने वर बांधली, आणि मी उंचीने बेताचा. त्यानंतर रोज संध्याकाळी सुटी द्यायची झाली, की मी खाली वाकायचो आणि एक पोरगं माझ्या खांद्यावर चढायचं.