खाणीतलं पाणी

खांदेश्वरला आमच्या सोसायटीसमोर दगड फोडतायत. त्या ओल्या भुकटीच्या वासाने पावणे गावाजवळची, पाण्याने भरलेली बंद खाण आठवली. नव्वदच्या दशकात ऑफिसातल्या आम्ही मैत्रिणी तिथे कड्यावरून उडी मारायला शिकायला गेलो होतो.

शिकवणारे दामूदादा गावातलेच. "पाय जुळव आनि श्वास धर," ते म्हणाले. मी उडी मारली. आत गार, काळोखं पाणी. वर आले तर दादा काठावर वाकून उभे.

"पायाला काय लागला का गो?"

"नाही, दादा."

प्रत्येकीला त्यांनी हेच विचारलं. मला ती काळजी वाटली.

निघताना त्यांची बायको हळूच म्हणाली, "यांचा धाकटा भाऊ इथंच बुडला. अजून गावला नाय."

आजही तरणतलावात तळाला पाय टेकले, की मी ते झटकन वर ओढून घेते.