बडीशेपेची ताटली

आमच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात दिनूकाका वेटर आहेत. "इडली-वडा-साधा-मसाला-उत्तप्पा, काय देऊ?" हे ते एका दमात म्हणतात. मी त्यांची नक्कल करतो, खांद्यावरच्या फडक्यासकट.

परवा शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं. काकांनी त्यांच्या पोराला डोशाचे तुकडे करून दिले, मागतील तितकं सांबार आणलं. शेवटी बिल आणि बडीशेपेची ताटली ठेवली, आणि पलीकडचं पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला लागले. बघायचंही आणि बघत नाही असं दाखवायचंही, अशी ती पुसण्याची रीत. बाप्याने मोबाइलवरून पैसे भरले, मूठभर बडीशेप तोंडात टाकली, "मस्त होतं हां काका" म्हणाला आणि गेला. ताटलीत चार दाणे उरले.

पूर्वी सुटे परत यायचे, त्यातले थोडे तिथेच राहायचे. म्हणजे टीप कौतुकाची कधी नव्हतीच. चिल्लर उचलायच्या कंटाळ्याची होती. आता तेवढा कंटाळाही कुणाला येत नाही.

"काका, तुमचा स्वतःचा स्कॅनर लावा की."

"'हाटेलात भीक मागतो काय रे?'" काका हुबेहूब मालकाच्या आवाजात म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

"पगार घरभाड्यात जातो. पोरीची फी टिपांवर चालायची."

"मग आता?"

"घरीच असते. तू कितव्या वर्षाला रे?"

"शेवटच्या."

"तीपण शेवटच्याच होती," म्हणाले, आणि माझं बिल आणायला गेले.