निवाऱ्याचे व्यवस्थापक आणि त्यांच्या चुका

स्वतःच्या चुका आमच्या व्यवस्थापकांइतक्या हौसेनं शोधणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडणार नाही. बेघरांच्या निवाऱ्यात मी नोंदी लिहायचो आणि बाकी सगळं ते बघायचे. हॉलमध्ये शिरण्याआधी ते भिंतीवर टकटक करून थांबत, कारण त्यांच्या मते आत जितक्या खाटा तितकी घरं होती. आतून कोणी ‘या’ म्हणेपर्यंत झाडायची केरसुणी हातात घेऊन ते दहा-दहा मिनिटं तसेच उभे असत. एकदा एका लाल डोळ्यांच्या माणसाला त्यांनी दारूचे तोटे समजावले. त्याचे डोळे आले होते. बिचाऱ्यानं जन्मात सुपारीही खाल्ली नव्हती. व्यवस्थापकांनी त्याची माफी मागितली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली, आणि तिसऱ्या दिवसापासून ते दिसले की तो माणूस न्हाणीत जाऊन बसू लागला.

मग मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एक म्हातारी आली. घर पडलेलं, मुलं कामाला परमुलखात. दोन दिवस ती ओसरीवरच बसून राहिली, आत येईना. मी नोंद केली, ‘सहकार्य करत नाही.’ व्यवस्थापकांनी ती वाचली आणि बाहेर जाऊन तिच्यासमोर फरशीवर मांडी घातली. परक्या माणसांत झोपायचा तिला संकोच वाटत असेल, असा त्यांचा अंदाज होता. म्हातारीनं मान हलवली; तो चुकला होता. मग त्यांनी सरळ विचारलं, “आजी, आमचं काय चुकलं?”

“नाव इचारलं, अंगठा घेतला, खाट दाखोली,” म्हातारी म्हणाली. “आत ये म्हनून मले कोनी म्हटलंच नाई.”

अंगठा मी घेतला होता. मी दारात गेलो आणि खाली मान घालून म्हणालो, “या आजी, आत या.” तिनं गाठोडं उचललं आणि आली. नोंद मी खोडली.

निवृत्त होऊन ते लेकीकडे मालेगावला निघाले, तेव्हा मी त्यांना बसवर सोडायला गेलो. “माझ्या चुका सांग,” असा त्यांनी हट्ट धरला. निरोपाच्या घाईत मला एकही आठवेना, तसं सांगितल्यावर ते हिरमुसले.

“मंग तू मले नीट पाह्यलंच नाही,” ते म्हणाले.

बस सुटली. त्यांना लेक आहे हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. त्यांचं गाव कोणतं, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.