गोदीतला शेंदूर

माझगावच्या गोदीत कोंडीराम जहाजांना रंग लावायचा. आधी जुना रंग खरवडायचा, मग उघड्या लोखंडावर शेंदराचा हात द्यायचा. संध्याकाळी तो शेंदराने माखलेला लालबागच्या चाळीत शिरला की बायका म्हणायच्या, "आले आमचे मारुतराय!" कोंडीराम हसायचा. नाक्यावरच्या मारुतीला शनिवारचा शेंदूर तोच चढवीत असे. गोदीतली पूड आणून, तेलात कालवून, उघड्या हातांनी.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जोर आला, त्याच सुमाराला त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या. परळच्या एका सभेत घोषणा झाली आणि सगळ्यांच्या मुठी वर गेल्या. कोंडीरामचाही हात वर गेला, पण पंजा मनगटातून खाली लोंबत राहिला.

"अरे, मूठ आवळ की! बांगड्या भरायला कासाराला हात दिल्यासारखा काय धरलायस?" शेजारी उभा असलेला भिवा ओरडला.

कोंडीरामने जोर लावला. पंजा उठेना.

"सभांच्या नादात शनिवार चुकवलेत तुम्ही," त्याची बायको सुंदराबाई म्हणाली. "कोपलाय तो."

त्यालाही ते पटलं. मग शनिवारचा शेंदूर रोज चढू लागला. हात चालेना, तेव्हा त्याची लहानगी राधा आपल्या तळहातावर पूड कालवू लागली.

कळा थांबेनात, म्हणून शेवटी तो दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी ओठ उचलून पाहिलं. हिरडीच्या कडेला निळसर रेघ होती.

"शिसं भिनलंय. तुमचा शेंदूर शिशाचाच असतो. लोखंड गंजू नये म्हणून फासता, पण अंगात गेला की तोच रक्ताला, नसांना आतून गंजवतो. ते काम सोडा."

"गोदी सोडून जाऊ कुठं, साहेब? आणि देवाला तर चालतो तो."

"देव दगडाचा आहे, कोंडीराम."

परतताना त्याला एकदम राधाचे हात आठवले. पोटातली कळ दाबून तो भराभर चालू लागला.

ती मारुतीपुढेच बसली होती, कोपरापर्यंत लाल.

"राधे, टाक ते! हात धू आधी!"

"का? आई म्हणाली, तुमचा हात बरा होईपर्यंत मीच लावायचा." त्याच बोटांनी तिने प्रसादाचं खोबरं उचललं.

कोंडीराम तिचं मनगट धरायला वाकला. त्याचा पंजा तिच्या हातावर पडला आणि तसाच घसरला. बोटं मिटलीच नाहीत.

बाबा लाडात आलेत असं राधाला वाटलं. खोबरं तोंडात टाकून ती हसली.